पाहुण्यापुरता लाईट

"चाकं दाखव, मग कॅरॅव्हॅन म्हण."

गुप्तेकाकूंच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य ऐकावं लागे. मलाही लागलं. कॉव्हेंट्रीच्या बाहेर, कालव्याला लागून असलेल्या एका मोकळ्या जागेवर बैठी, फिकट रंगांची घरं ओळीने मांडलेली होती. प्रत्येकाला दोन पायऱ्या आणि हातभर बाग. घर कारखान्यात तयार होतं, दोन तुकड्यांत ट्रकवरून येतं आणि जागेवर आणून जोडतात. इंग्रज लोक अशा वस्तीला पार्क म्हणतात. घर तुमच्या मालकीचं, खालची जमीन पार्कच्या मालकाची. तिचं भाडं दर महिन्याला भरायचं. बहुतेक सगळी वस्ती निवृत्त माणसांची. आमच्या मराठी मंडळात मात्र या सगळ्याला एकच शब्द होता. "गुप्तेबाई कॅरॅव्हॅनमध्ये राहायला गेल्या," असं लोक म्हणत, आणि म्हणताना आवाज थोडा खाली घेत, एखाद्याच्या आजाराबद्दल बोलावं तसा.

बोलण्याच्या ओघात माझ्याही तोंडून तो शब्द गेला. काकूंनी मला चहाच्या कपासकट बाहेर नेलं. घराच्या बुडाशी चहूबाजूंनी विटांची बुटकी भिंत होती. "बघ वाकून, दिसतंय कुठे चाक?"

मी वाकलो. माझं दुर्दैव असं की नेमकी एक वीट निखळलेली होती आणि आत गंजलेलं चाक स्पष्ट दिसत होतं.

"आहे की," मी म्हणालो.

काकू जराही अडल्या नाहीत. "ते माझं नाही. कायदा म्हणतो घर हलवता आलं पाहिजे, म्हणून ठेवलंय. घर माझं, चाकं कायद्याची. चल आत, चहा गार होतोय."

पुढच्या शनिवारी गेलो तर वीट बसवलेली होती.

काकूंचे यजमान डॉक्टर. तरुणपणी ठाण्याहून इथल्या हॉस्पिटलात आले, पुढे स्वतःचा दवाखाना काढला, आणि त्या दवाखान्याच्या काचेमागे काकू बसल्या त्या डॉक्टर निवृत्त होईपर्यंत. रिसेप्शनिस्ट. डॉक्टरांपेक्षा पेशंट त्यांनाच जास्त भीत, असं जुने लोक सांगत. समोर येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचे तीन प्रश्न ठरलेले: काय होतंय, कधीपासून होतंय, आणि आजच का आलात?

"पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माणूस घरून पाठ करून येतो," त्या मला सांगत. "तिसऱ्याला खरं बोलतो." मग एका म्हाताऱ्या इंग्रजाची गोष्ट. गुडघा दुखतो म्हणून आला. कधीपासून? कित्येक वर्षं. मग आजच का? तो बराच वेळ टोपी हातात फिरवत उभा राहिला आणि म्हणाला, मोजे बायको घालून द्यायची, ती गेल्या आठवड्यात गेली. "आता सांग," काकू म्हणत, "याला गुडघ्याचं औषध द्यायचं का?"

मला त्या पहिल्यांदा भेटल्या त्या मंडळाच्या गणपतीत. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, दाराशी टेबल मांडून काकू नावं लिहून घेत होत्या. मी पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतर्फे आलेलो, शहरात येऊन वर्ष होत आलेलं, आणि तोवर मंडळाकडे फिरकलोही नव्हतो.

"काय नाव?"

"मिलिंद."

"कधीपासून आहेस इथे?" मी सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग आजच का आलास?"

मी सांगायला नको होतं ते सांगून बसलो. सकाळी नाशिकला आईला फोन केला होता. ती म्हणाली, यंदा गणपती आणला नाही, एकटीला झेपत नाही. एवढंच म्हणाली आणि माझ्या जेवणाची चौकशी करू लागली. मागे दहाजण रांगेत उभे असताना मी हे एका अनोळखी बाईला सांगत होतो. काकूंनी सहानुभूती वगैरे काही दाखवली नाही. वहीत नाव लिहिलं आणि म्हणाल्या, "आरतीनंतर खुर्च्या घडी करायला थांब. माणसं कमी आहेत."

मी थांबलो. त्या दिवशी त्यांना घरी सोडायलाही मीच गेलो, कारण मोतीबिंदूमुळे त्यांचं गाडी चालवणं बंद झालं होतं. मग दर शनिवारी त्यांना फोलशिल रोडवर भाजी-किराण्याला न्यायचं असं कधी ठरलं ते आठवत नाही. लोक मला परोपकारी समजत. तसं नव्हतं. स्वतःच्या आईसाठी जे करता येत नव्हतं ते दुसऱ्याच्या आईसाठी करून मी रविवारच्या फोनला थोडा हलका होऊन बसत असे. शिवाय काकू जेवायला घालत.

जेवण म्हणजे बहुतेकदा वालाचं बिरडं. कायस्थ घरात ते नुसतं कालवण नसतं, इभ्रतीचा प्रश्न असतो. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून उबेला ठेवायचे, मोड आले की एकेक सोलायचा. जुन्या घरात गरम पाण्याच्या टाकीचं कपाट होतं, त्यात मोड छान येत. पार्कमधल्या घरात काकू पुरचुंडी हीटरजवळच्या स्टुलावर ठेवत. सगळं घर विजेवर चाललेलं. शेगडीसुद्धा विजेची, आणि तिच्यावर त्यांचा राग होता. "लाईटवर भाकरी फुगत नाही. रुसून बसते."

लाईट. वीज हा शब्द काकूंच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. ढगांत कडाडते ती वीज. घरात असतो तो लाईट. लाईट आला, लाईट गेला, लाईटचं बिल. इंग्रजीतही त्या तेच म्हणत, आणि दवाखान्यातल्या पेशंटांनी इतकी वर्षं ते निमूटपणे समजून घेतलं असावं. फोन ठेवण्याची त्यांची पद्धतही दवाखान्यातलीच होती. बाय नाही, काळजी घे नाही. "चल, पुढचा," म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. केंब्रिजला राहणाऱ्या त्यांच्या मुलालाही, समीरलाही, तेच.

समीर संशोधक होता, चांगला मुलगा. डॉक्टर गेल्यावर त्याने आपल्या घराच्या मागे आईसाठी वेगळी खोली बांधून घेतली होती, न्हाणीघरासकट. काकूंनी मोठं घर विकलं, आणि केंब्रिजला जायचं सोडून हे घर घेतलं.

"सून चांगली नाही का?" मंडळातल्या एकीने आडून विचारलं होतं.

"फार चांगली आहे. म्हणूनच लांब राहते. आयुष्यभर डॉक्टरांच्या घरात राहिले, त्यांच्या दवाखान्यात बसले. आता मुलाच्या घरात राहू? एक दार माझ्या नावाचं असू दे."

ते दार निळं होतं. रंग त्यांनी स्वतः निवडला होता.

एका नोव्हेंबरात मी गेलो तर घरात आंबूस वास येत होता. स्टुलावरची पुरचुंडी ओट्यावर सोडून ठेवलेली, वाल बुळबुळीत झालेले, मोड नाहीत. "वालच वाईट निघाले," काकू म्हणाल्या. आम्ही दुसऱ्या दुकानातून आणले. पुढच्या शनिवारी तेच. त्या दिवशी मला दिसलं की बोलताना माझ्या तोंडातून वाफ निघते आहे, आणि काकू साडीवर डॉक्टरांचा जाड काळा ओव्हरकोट घालून कांदा चिरताहेत. हीटर बंद होता. झोपायच्या खोलीचं दार बंद करून खाली टॉवेल लावलेला होता. त्या स्वयंपाकघरातच सोफ्यावर झोपत होत्या.

"काकू, हीटर का बंद?"

"कोट आहे ना."

त्यांनी बिल दाखवलं नाही. शेजारच्या जीनने स्वतःचं दाखवलं. जीन शाळेत मुलांना जेवण वाढण्याचं काम करून निवृत्त झालेली. पायरीवर बसून सिगारेट ओढायची आणि सुशीला हे नाव जमत नाही म्हणून काकूंना 'सू' म्हणायची. पार्कमध्ये प्रत्येकाला वीजकंपनीचं वेगळं बिल येत नसे. कंपनीची एकच मोठी जोडणी पार्कच्या मालकाच्या नावावर. तिथून त्याच्या तारा घराघरात. तो स्वतः प्रत्येकाचं मीटर बघायचा आणि टाईप केलेला एक कागद दारातून आत सरकवायचा. त्यावर एकच आकडा. त्या वर्षांत विजेचे दर सगळीकडेच चढत होते, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. पण शहरातलं माझं बिल एवढं चढलं नव्हतं.

मालकाचं नाव टेरी. धिप्पाड, हसरा, पायांत सदैव चिखलाचे बूट आणि मागे एक लंगडं कुत्रं. बर्फ पडलं की सगळ्यांच्या पायऱ्या स्वतः झाडायचा. काकूंना 'मिसेस जी' किंवा इथल्या रीतीने 'लव्ह' म्हणायचा, आणि काकू आमच्यात त्याला 'टेरीशेठ'. तो वाईट माणूस होता असं मला आजही म्हणवत नाही. बापाकडून जागा मिळाली तशी बिल करण्याची रीतही मिळाली होती, आणि तिच्यात फायदा होता म्हणून त्याने ती तपासली नाही.

समीरचा मला फोन आला. तो इथेच वाढलेला. त्याचं मराठी प्रेमळ होतं पण लिंगं गडबडायची. "मिलिंद, आईचा घर फ्रीझिंग आहे. ती मला सांगत नाही. तू तिला सांग ना, तुझा ऐकते ती. इथे खोली रिकामा आहे."

मी हो म्हणालो. त्याच आठवड्यात काकूंनी विचारलं, "तूही मला केंब्रिजला पाठवणार का रे?" तेव्हा नाही म्हणालो. दोन्हीकडे हो म्हणणारा माणूस आहे मी. पण काकूंना ते कळलं असावं, कारण त्यांनी स्वतःच समीरला फोन लावला. "होळीपर्यंत बघते. तोवर हा लाईटचा प्रकार मिटला नाही तर घर विकते आणि येते तुझ्याकडे. मग मागे लागू नकोस. चल, पुढचा."

फोन ठेवल्यावर त्या निळ्या दाराकडे बघत बसल्या. "शब्द दिला," म्हणाल्या. "आता मिटवायला हवं."

आम्ही टेरीच्या ऑफिसात गेलो. ऑफिस म्हणजे फाटकापाशी एक लाकडी खोली. काकूंनी कोटाची बटणं लावली आणि सरळ मुद्द्याला हात घातला. "मिस्टर टेरी, माय लाईट इज टू मच."

टेरीने सहानुभूतीने मान डोलावली. "कुठला लाईट, लव्ह?"

"ऑल लाईट. डे अँड नाईट. आय अ‍ॅम पेइंग टू मच फॉर लाईट."

मला तिथेच कळलं की गोंधळ होतो आहे. मी तोंड उघडणार होतो, पण काकूंच्या बोलण्यात मध्ये पडायची सवय कुणालाच नव्हती. टेरी म्हणाला, "ठीक आहे मिसेस जी, बघतो काय करता येतं." काकू विजयी मुद्रेने बाहेर आल्या.

दुसऱ्या दिवशी एक माणूस शिडी घेऊन आला आणि काकूंच्या दारासमोरच्या खांबावरचा बल्ब काढून घेऊन गेला.

चारलाच अंधार पडायचे दिवस. शनिवारी मी गेलो तेव्हा पायरी दिसेना. जीन तिच्या दारातून म्हणाली, "सू, तू त्याला लाईट नको म्हणालीस म्हणे? टेरी सगळ्यांना सांगतोय, बाईला झोप येत नव्हती."

मी काकूंना समजावलं की इथे लाईट म्हणजे फक्त दिवा. बिलाबद्दल बोलायचं तर 'इलेक्ट्रिक' म्हणावं लागेल. त्या दिवशी मी गाडीतच बसून राहिलो असतो आणि त्या एकट्या गेल्या असत्या तर मनाला एवढं लागलं नसतं. पण मी शेजारी उभा होतो. मी माफी मागू लागलो. काकूंचं लक्ष नव्हतं. त्या खिडकीतून त्या आंधळ्या खांबाकडे बघत होत्या.

"थांब जरा. माफी नंतर माग. काय झालं? मी म्हटलं, मी पैसे फार देते. म्हटलं ना?"

"म्हटलंत."

"त्यावर याने खांबाचा बल्ब काढला."

"हो, कारण त्याला वाटलं..."

"त्याला काय वाटलं ते सोड. हे बघ, दवाखान्यात पेशंट म्हणाला बिल जास्त झालं, आणि मी त्याची खुर्ची काढून घेतली, तर त्याचा अर्थ काय? खुर्चीचे पैसे मी त्याच्या बिलात लावत होते." त्या माझ्याकडे वळल्या. "हा रस्त्याचा दिवा माझ्या बिलात आहे रे."

मी इंजिनिअर माणूस, इतका वेळ एका शब्दाच्या अर्थाशी झटत बसलो होतो.

शहरात मोफत कायदेशीर सल्ला देणारं एक केंद्र होतं. तिथल्या तरुण मुलीने काकूंचा जागेचा करार नीट वाचला आणि साध्या भाषेत सांगितलं. मालक वीज विकत घेतो आणि पुढे विकतो. तर स्वतः जितक्याला घेतली तितक्यालाच त्याने ती विकायची, वर नफा लावायचा नाही. किती दराने घेतली हे रहिवाशाने विचारलं तर दाखवायचं. आणि रस्ते, त्यांवरचे दिवे यांची देखभाल करारानुसार जागेच्या भाड्यात येते; ते विजेच्या बिलात पुन्हा लावता येत नाही. "तुम्ही एकट्या मागू शकता," ती म्हणाली, "पण सगळ्यांनी मिळून मागितलंत तर बरं."

सगळे मिळून, हीच अडचण होती. काकू दारोदार फिरल्या. लोक चहा देत, मान हलवत, आणि नको म्हणत. जीनने कारण सांगितलं. तिला घर विकून समुद्राकाठी लेकीजवळ जायचं होतं. घर विकायचं तर घेणाऱ्या माणसाला मालकाची पसंती लागे. वर विक्रीच्या रकमेतून त्याचा वाटा. "टेरीला दुखवलं तर तो प्रत्येक गिऱ्हाइकात खोट काढेल, सू. मी इथेच मरेन."

"आणि थंडीने मेलीस तर?"

"तुला केंब्रिजला खोली आहे. मला एकच गिऱ्हाईक आहे."

 परत येताना काकू मला म्हणाल्या, "खरं बोलली. तिच्यावर चिडू नकोस." मी चिडलो नव्हतो. त्यांना स्वतःला सांगायचं असावं.

दर फेब्रुवारीत टेरी सगळ्यांना पार्कच्या हॉलमध्ये बोलवायचा. चहा, बिस्किटं, आणि पुढल्या वर्षीचं भाडं किती वाढणार ते सांगायचं, अशी ती सभा. होळी जवळ आली होती; काकूंच्या हातात ही एकच संधी होती. मी त्यांना वाटेत बजावलं, "काकू, इलेक्ट्रिक म्हणा."

"तू गाडी चालव."

हॉल भरलेला होता आणि थंड होता. सगळे कोट घालूनच बसलेले. टेरीने भाड्याचं सांगितलं, थोडे विनोद केले, कुणाला काही विचारायचं आहे का म्हणाला. काकू उभ्या राहिल्या. डॉक्टरांचा कोट त्यांना घोट्यापर्यंत येत होता.

"मिस्टर टेरी, थँक्यू फॉर टेकिंग माय लाईट."

लोक हसले. टेरीही हसला. "यू आर वेलकम, मिसेस जी. झोप लागते ना आता?"

"फार छान. आता माझ्या बिलातून किती कमी होणार?"

"चिल्लर, लव्ह." तो खुशीत होता. "एका बल्बचे असे किती? शिवाय खांबांचं सगळ्यांत वाटून जातं."

"कधीपासून?"

"पूर्वीपासून. माझ्या बाबांच्या वेळेपासून."

काकू खाली बसल्या. मला वाटलं, घाबरल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांनी हाताने खूण केली, थांब.

हॉलमध्ये चमच्यांचे आवाज येत होते, तेही थांबले. मग मागून जीनचा खरखरीत आवाज आला. "कशात वाटून जातं, टेरी?"

"म्हणजे काय, विजेत."

"मग जागेचं भाडं कशाचं घेतोस? माझ्या करारात लिहिलंय, त्यात रस्ते आणि दिवे आले."

टेरीचा चेहरा अजून हसराच होता, पण हसू कुठे ठेवावं ते त्याला कळत नव्हतं. "जीन, तू इतकी वर्षं राहतेस इथे. हे आजच का काढतेस?"

जीनने हातातला कप खाली ठेवला. "कारण नाताळपासून मी हातमोजे घालून झोपते," ती म्हणाली. "आणि माझी खिडकी सूच्या पायरीवर उघडते. ती अंधारात पडली तर ते मला ऐकू येणार आहे. म्हणून आज."

त्यानंतर एक म्हातारा उठला आणि कंपनीची बिलं दाखव म्हणाला. मग दुसरा. आरडाओरडा कुणी केला नाही. टेरी बघतो म्हणाला, कुत्र्याला घेऊन निघून गेला. लोक उठले तेव्हा मी सवयीने खुर्च्या घडी करू लागलो.

गाडीत बसल्यावर काकूंनी कोटाची बटणं सोडली. मग म्हणाल्या, "तिसरा प्रश्न त्याने स्वतःच विचारला बघ. मी विचारला असता तर ती बोलली नसती."

सगळं मनासारखं झालं असं नाही. सल्ला केंद्राचं पत्र गेलं, टेरीने दिवस काढले, आणि शेवटी कंपनीच्या बिलाची प्रत हॉलच्या फळ्यावर लागली. तो स्वतःचं काहीबाही वर लावत होता हे उघड झालं. ते बंद झालं, खांबांचा खर्च बिलातून निघाला, जास्तीचे पैसे पुढच्या बिलांतून वळते झाले, पण फक्त अलीकडच्या काळाचे. मागचं कुणाला मिळालं नाही. जीनच्या पहिल्या गिऱ्हाइकात टेरीने खोट काढलीच. दुसरं गिऱ्हाईक येईपर्यंत तिला आणखी एक हिवाळा काढावा लागला. तो तिने बराचसा काकूंच्या स्वयंपाकघरात काढला.

होळीला समीर आला. गाडीच्या डिकीत रिकामी खोकी होती. त्याने दडवली नाहीत. काकूंनी पुरणपोळी वाढली आणि शेजारी बिरडं. समीरने एक वाल बोटात धरून बघितला. पांढरा लांब मोड होता.

"मोड आली," तो म्हणाला.

"आले," काकू म्हणाल्या. "मोड आले."

"हां. आले." त्याने हीटरवर हात ठेवून पाहिला, मग हात काढून जेवायला लागला. जाताना त्या खोक्यांतून तो आईची जादा भांडी घेऊन गेला.

खांबावरचा बल्ब टेरीने परत लावला नाही. तो मागायचा हक्क होता. मी तसं म्हणालोही. काकू म्हणाल्या, "राहू दे तेवढा एक. माणसाला कुठेतरी जिंकल्यासारखं वाटलं पाहिजे, नाहीतर तो बर्फ झाडायचा नाही." त्यांनी निळ्या दारावर स्वतःचा एक छोटा दिवा बसवून घेतला, स्वतःच्या मीटरवर. तो एरवी बंद. कुणी यायचं असलं की लागायचा, निघालं की वळणापर्यंत गाडी जाईतो राहायचा आणि विझायचा. "हा पाहुण्यापुरता लाईट," त्या म्हणत. मी दर शनिवारी निघताना आरशात बघत असे. वळणाशी आलो की दिवा विझे. काकू आत गेल्या, असं मी समजे, आणि मनातल्या मनात त्यांच्या काटकसरीला हसे.

एका शरदात मी त्यांना सांगितलं की मी भारतात परत जातोय.

"कधीपासून ठरवलंस?"

"प्रोजेक्ट संपतोय म्हणून..."

"ते नाही विचारलं. आत्ताच का?"

मी म्हणालो, आई न्हाणीघरात पडली. तिने मला सांगितलं नाही, शेजाऱ्यांनी सांगितलं.

"मग जा," काकू म्हणाल्या आणि वाल सोलू लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तिला उचलून स्वतःकडे आणू नकोस हं. तिच्या घरी जा."

मी नाशिकलाच गेलो. काकू त्यानंतर आणखी काही हिवाळे त्या घरात राहिल्या आणि तिथेच, स्वतःच्या खोलीत, झोपेत गेल्या. समीरने फोनवर सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "हीटर ऑन होता, मिलिंद." मला आधी कळेना तो हे का सांगतोय. मग कळलं.

मी इंग्लंड सोडण्याआधीच्या त्या शेवटच्या शनिवारी निघताना निरोपाचं काही झालं नाही. "चल, पुढचा," त्या म्हणाल्या. दारावरचा दिवा लागलेला होता. मी वळणापर्यंत आलो, आरशात दिवा विझला, आणि त्याच वेळी आठवलं की बिरड्याचा डबा ओट्यावरच राहिला. गाडी तशीच हळूहळू मागे घेतली. मागच्या पांढऱ्या दिव्यांचा उजेड वाटेवर पडला, आणि त्यात काकू दिसल्या. पायरीवरच उभ्या होत्या, अंधारात, डॉक्टरांच्या कोटात, हात खिशांत घालून, वळणाकडे बघत. किती शनिवार त्या दिवा विझवून अशा उभ्या राहिल्या असतील ते मला माहीत नाही.

मी उतरलो. त्यांनी आत हात घालून बटण दाबलं, डोळे किलकिले केले, डबा आणून माझ्या हातात दिला.

"एका पाहुण्याला दोनदा लाईट," म्हणाल्या. "निघ आता."